मोशे नावाची हेर : हॅरिएट टबमन

हेर म्हटले की आपल्या संडे स्कूलच्या मुलांना आधी आठवतात ते मोशेने कनान देश पाहून यावयास पाठवलेले बारा पुरुष, आणि मग यरीहोत आपल्या घराच्या धाब्यावर दोघा हेरांना लपवून ठेवणारी राहाब. आज जिची हकीकत सांगावयाची आहे तिलाही लोक मोशे म्हणत. पण या मोशेने हेर पाठवले नाहीत. ती स्वतःच हेर झाली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, तिच्यापाशी नकाशा नव्हता, आणि जिच्या सरकारसाठी तिने हे काम केले त्या सरकारने तिला हेर म्हणून शेवटपर्यंत एक पैसाही पेन्शन दिले नाही.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात उत्तरेची व दक्षिणेची राज्ये एकमेकांशी लढली. गुलामगिरी हे त्या यादवीचे मूळ होते. दोन्ही बाजूंनी पुष्कळ स्त्रियांनी हेरगिरी केली. दक्षिणेच्या बाजूने वॉशिंग्टनमधील रोझ ग्रीनहाऊ ही विधवा बाई बड्या लोकांच्या मेजवान्यांतून बातम्या काढी. १८६४ मध्ये परदेशातून परत येताना किनाऱ्याजवळ होडी उलटून ती बुडाली, अंगावर सोने होते म्हणतात. बेल बॉइड या तरुणीने तर आपल्या हेरगिरीवर पुस्तक लिहिले आणि रंगमंचावर व्याख्याने दिली. उत्तरेच्या बाजूने रिचमंडमध्ये एलिझाबेथ व्हॅन ल्यू नावाच्या श्रीमंत बाईने शत्रूच्या राजधानीत राहून मोठे जाळे चालवले. ग्रँट राष्ट्राध्यक्ष होताच १८६९ मध्ये त्याने तिला त्या शहराची पोस्टमास्तर नेमले. या सर्व बायका शिकलेल्या होत्या, त्यांची घरे मोठी होती, त्यांचे कागदपत्र राहिले. हॅरिएटपाशी यातले काहीच नव्हते.

तिचा जन्म मेरीलंड राज्यातील डॉर्चेस्टर परगण्यात सुमारे १८२२ साली झाला. गुलामांच्या जन्माची नोंद कोण ठेवणार? आईबापांनी तिचे नाव अरामिंटा ठेवले होते, घरात मिंटी म्हणत. बापाचे नाव बेन रॉस, आईचे रिट. मालक ब्रोडेस याने पाच-सहा वर्षांच्या मिंटीला दुसऱ्यांकडे भाड्याने कामाला द्यावयास सुरुवात केली. एका घरी रात्रभर पाळणा हलवण्याचे काम होते. बाळ रडले की हिच्या मानेवर चाबूक. त्याचे वळ मरेपर्यंत राहिले. दुसऱ्या एका माणसाने तिला गोवर आलेला असताना थंडीत कमरेइतक्या पाण्यात उतरवून पाणथळीतले सापळे तपासावयास लावले. केसाळ कातड्यासाठी तेथे मस्करॅट नावाचे पाणउंदरासारखे जनावर धरीत. हा सापळ्यांचा व चिखलाचा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो कामी येणार आहे.

बारा-तेरा वर्षांची असताना बकटाऊन येथील दुकानात एक प्रसंग घडला. एक गुलाम पळून चालला होता. मुकादमाने त्याला मारण्यासाठी तराजूतले दोन पौंडांचे वजन फेकले, ते या मुलीच्या कपाळावर बसले. कवटी फुटली. औषधपाणी काही नाही. दोन दिवसांनी रक्त आणि घाम पुसत ती पुन्हा शेतात उभी राहिली. तेव्हापासून बोलता बोलता तिला एकाएकी झोप लागे, डोके ठणके आणि दृष्टान्त दिसत. आजचे डॉक्टर त्याला अपस्माराचा एक प्रकार म्हणतील. तिची मात्र खात्री होती की, देव आपल्याशी बोलतो. या दोन्ही गोष्टी एकाच देहात कशा नांदल्या याचा उलगडा करण्याच्या भानगडीत आपण पडू नये असे मला वाटते. ती त्या आवाजावर विसंबून चालली, आणि चुकली क्वचितच, एवढे इतिहास सांगतो.

मोठी झाल्यावर ती बापाबरोबर जंगलात लाकूडतोडीला जाऊ लागली. तेथे पुरुषाइतके ओझे उचलू लागली, रात्री ताऱ्यांवरून दिशा ओळखू लागली, आणि नदीवर ये-जा करणाऱ्या काळ्या खलाशांच्या तोंडून उत्तरेकडच्या वाटा ऐकू लागली. सुमारे १८४४ साली तिने जॉन टबमन या मोकळ्या झालेल्या काळ्या माणसाशी लग्न केले आणि आईचे खरे नाव, हॅरिएट, स्वतः घेतले.

१८४९ मध्ये मालक कर्जात होता आणि ती विकली जाणार अशी कुणकुण लागली. तिच्या तीन बहिणी याआधीच दक्षिणेत विकल्या गेल्या होत्या. त्यांचे पुढे काही कळले नाही. या काळातली एक गोष्ट ती स्वतःच नंतर सांगत असे. हिवाळाभर ती मालकासाठी प्रार्थना करीत होती की, देवाने त्याचे मन पालटावे. विक्रीची बातमी ऐकल्यावर तिने प्रार्थना बदलली : मन पालटणार नसेल तर देवाने त्याला उचलावे. थोड्याच दिवसांत ब्रोडेस मेला. तेव्हा तिला एवढा पश्चात्ताप झाला की, त्याला परत आणता आले तर सर्वस्व द्यावे असे तिला वाटले. आपल्या संतचरित्रांतून अशा गोष्टी बहुधा गाळतात. तिने गाळली नाही.

त्या शरद ऋतूत ती दोन भावांबरोबर पळाली. मालकिणीने तिघांना धरून देणाराला ३०० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. भाऊ भ्याले, परतले, तिलाही परत ओढून नेले. मग ती एकटीच निघाली आणि क्वेकर पंथाच्या व इतर सज्जनांच्या मदतीने फिलाडेल्फियाला पोहोचली.

पुढच्या दहा-अकरा वर्षांत ती सुमारे तेरा वेळा मेरीलंडला परत गेली आणि सत्तर माणसे बाहेर काढली. भाऊ, भाच्या, आणि १८५७ मध्ये म्हातारे आईबाप. शिक्षकांनी येथे एक दुरुस्ती करून घ्यावी. जुन्या पुस्तकांत एकोणीस फेऱ्या, तीनशे माणसे आणि तिच्या डोक्यावर चाळीस हजार डॉलरचे बक्षीस असे लिहिलेले आढळते. ते खरे नाही. खरी गोष्ट आहे तेवढी पुरे आहे. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला उत्तरेतूनही पकडून आणता येऊ लागले होते, म्हणून ती माणसांना थेट कॅनडापर्यंत नेई.

तिची रीत पाहण्यासारखी होती. निघावयाचे ते शनिवारी रात्री, कारण पळाल्याची जाहिरात सोमवारच्या आधी छापली जात नसे. हिवाळ्यातच फेरी, कारण रात्र मोठी. तान्ह्या बाळांना अफूच्या अर्काचा थेंब देऊन निजवावयाचे. आपल्याकडच्या जुन्या बाळगोळीची आठवण व्हावी असाच प्रकार. भजनाच्या ओळींनी खूण द्यावयाची : एक गीत म्हणजे या, दुसरे म्हणजे दबून राहा. एकदा दिवसाउजेडी ओळखीचा जुना मालक समोरून येताना दिसला. तिच्या हातात जिवंत कोंबड्या होत्या. तिने त्यांच्या पायांच्या दोऱ्या ओढल्या, कोंबड्या फडफडल्या, आणि त्यांच्यामागे धावणाऱ्या वाकलेल्या गरीब बाईच्या तोंडाकडे त्या माणसाने पाहिलेसुद्धा नाही. हेरगिरीचा पहिला धडा तिला असा मिळाला. फाटक्या लुगड्यातल्या बाईकडे कोणी पाहत नाही म्हणतात ना, तेच तेथेही खरे होते, आणि तिने त्याचे हत्यार केले.

एप्रिल १८६१ मध्ये युद्ध सुरू झाले. जाता जाता सांगतो, त्या युद्धाने आपल्याकडेही उलथापालथ केली. अमेरिकेचा कापूस बंद पडताच वऱ्हाड, खानदेश, धारवाड येथील कापसाला मुंबईत सोन्याचा भाव आला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कित्येक पेढ्या बुडाल्या. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले गुलामगिरी हे पुस्तक, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांनाच अर्पण केले. त्या कापसाच्या आणि भाताच्या मळ्यांतच आता हॅरिएट निघाली होती.

उत्तरेच्या आरमाराने नोव्हेंबर १८६१ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील पोर्ट रॉयल बंदर घेतले. मळेवाले पळाले, हजारो गुलाम मागे राहिले. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर अँड्र्यू यांनी १८६२ मध्ये हॅरिएटला तिकडे पाठवले. ती ब्यूफर्ट गावी उतरली तेव्हा पहिली अडचण भाषेची आली. त्या बेटांवरचे काळे लोक गला नावाची आपली वेगळी बोली बोलत. तिचे मेरीलंडचे बोलणे त्यांना कळेना आणि त्यांचे तिला. वर ती सरकारी शिधा घेते म्हणून लोकांच्या मनात अढी. तिने शिधा सोडला. दिवसभर इस्पितळात हगवणीच्या व देवीच्या रोग्यांची सेवा करावयाची, पाणथळीतली मुळे उकळून काढा द्यावयाचा, आणि रात्री घरी येऊन पाय, आल्याचे केक आणि मुळांचे पेय करून ठेवावयाचे. दुसऱ्या दिवशी ते छावणीत विकून पोट भरावयाचे. सरकारकडून एकदाच दोनशे डॉलर मिळाले. त्यांतून तिने कपडे धुण्याचे एक घर बांधले आणि मुक्त झालेल्या बायकांना शिपायांचे कपडे धुऊन मजुरी कमावण्यास शिकवले. संपूर्ण युद्धात तिला मिळालेला पगार एवढाच.

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला. त्या सुमारास सेनापतींनी हॅरिएटकडे टेहळणीचे काम दिले. तिने आठ-नऊ माणसे निवडली. ती बहुतेक त्याच मुलखातली, नद्यांचे ओढे-नाले पाठ असलेली काळी माणसे होती. वॉल्टर प्लाउडन हा त्यांतला एक. ही माणसे रात्री होडीतून शत्रूच्या भागात शिरत, मळ्यांवरच्या गुलामांना भेटत आणि परत येत. शिपाई किती, तोफा कोठे, धान्याची कोठारे कोठे, हे सारे त्या लोकांना ठाऊक असे. मालक त्यांच्यादेखत सर्व बोलत, जणू खुर्चीला-टेबलाला कान नसतात तसे यांनाही नसावेत. हॅरिएट या बातम्या एकत्र करी आणि तोंडीच वर पोहोचवी. त्या बातमीदारांपैकी बहुतेकांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत.

कॉम्बाही नदीच्या काठी भाताचे मोठमोठे मळे होते. भरतीच्या जोराने चढणारे पाणी बांध घालून, दारे उघडून-मिटून शेतात घेत. गोव्यातील वाचकांना आपल्या खाजणांवरून आणि मानशींवरून याची कल्पना येईल. उन्हाळा लागला की हिवतापाच्या भीतीने गोरे मालक आणि पुष्कळसे शिपाई आत, कोरड्या भागात जात. नदीत मात्र शत्रूने सुरुंग पेरून ठेवले होते. ते कोठे आहेत हे ज्या गुलामांकडून पेरून घेतले होते त्यांनाच ठाऊक होते, आणि त्यांच्याकडून ते हॅरिएटच्या माणसांना कळले.

१ जून १८६३ च्या रात्री ब्यूफर्टहून तीन आगबोटी निघाल्या. कर्नल जेम्स माँटगोमेरी प्रमुख, बरोबर काळ्या शिपायांच्या पलटणीतले सुमारे तीनशे जवान, आणि हॅरिएट व तिचे वाटाडे. एक बोट वाटेतच वाळूत रुतली. उरलेल्या दोन पुढे गेल्या. सुरुंग चुकवीत त्या पहाटे मळ्यांपाशी पोहोचल्या. पहारे थोडे होते, ते मागे हटले. शिपायांनी काठावर उतरून कोठारे, गिरण्या आणि मालकांचे वाडे पेटवले, बांधांची दारे फोडली, तरंगता पूल तोडला.

बोटीची शिटी वाजली आणि शेतात कुदळी घेऊन उभे असलेले लोक धावत सुटले. मुकादमांनी चाबूक ओढले, पण आता कोण ऐकतो? हॅरिएट म्हातारपणी हे दृश्य सांगताना हसून हसून पुरेवाट होई. एका बाईच्या डोक्यावर भाताचे भांडे, चुलीवरून तसेच उचललेले, वाफा निघताहेत. पाठीवर एक मूल, ते मागून हात घालून भात खाते आहे. दोन मुले पदर धरून, आणि पोत्यात एक डुक्कर. कोणाच्या काखेत कोंबड्या, कोणाच्या कडेला जुळी. एका बाईपाशी एक पांढरे आणि एक काळे डुक्कर होते. बोटीवर चढल्यावर शिपायांनी पांढऱ्याचे नाव शत्रूच्या सेनापतीवरून बोरगार्ड ठेवले आणि काळ्याचे त्यांच्या राष्ट्राध्यक्षावरून जेफ डेव्हिस. आजारी बाईची ही डुकरे उचलून धावताना हॅरिएटचा पाय झग्यात अडकला, ती पडली आणि झग्याच्या चिंध्या झाल्या. पुढे बॉस्टनच्या मित्रांना लिहवून घेतलेल्या पत्रात तिने मागितले काय, तर अशा मोहिमांवर घालण्यासाठी विजारीसारखा आखूड पोशाख.

होड्या लहान आणि माणसे शेकडो. मागे राहू या भीतीने लोकांनी होड्यांचे काठ धरून ठेवले. वल्ही मारणाऱ्यांनी हातांवर फटके मारले तरी सोडीनात. कर्नलने हॅरिएटला सांगितले की, तुझ्या लोकांशी चार शब्द बोल. हे तिचे लोक होते म्हणावे तर त्यांची बोली तिला अजूनही नीट येत नव्हती. म्हणून ती बोलली नाही; उभी राहून गाऊ लागली. प्रत्येक कडव्याच्या शेवटी लोक हात वर करून टाळ्या वाजवू लागले, आणि हात वर गेले तसे काठ सुटले, होड्या निघाल्या.

त्या एका सकाळी साडेसातशेहून अधिक माणसे गुलामगिरीतून बाहेर आली. तिच्या आधीच्या साऱ्या फेऱ्यांच्या दसपट. उत्तरेचा एकही शिपाई कामी आला नाही. सुटलेल्या पुरुषांपैकी शंभरावर लगेच पलटणीत भरती झाले.

या स्वारीची बातमी विस्कॉन्सिनच्या एका वर्तमानपत्रात आली. त्यात एका काळ्या बाईने वाट दाखवली असे होते, नाव नव्हते. जुलैमध्ये बॉस्टनच्या पत्रात तिचा स्नेही सॅनबॉर्न याने नाव छापले. त्याच महिन्यात फोर्ट वॅग्नरवर काळ्या पलटणीचा भीषण संहार झाला आणि हॅरिएट पुन्हा जखमींच्या उशाशी बसली.

युद्ध संपले. ऑक्टोबर १८६५ मध्ये ती सैनिकी इस्पितळातील सेविकेचा अर्ध्या तिकिटाचा पास घेऊन आगगाडीने घरी चालली होती. कंडक्टरला पास खोटा वाटला. तिच्यासारखीला असा पास कोण देईल? ती उठेना, तेव्हा त्याने आणखी माणसांना बोलावून तिला ओढत नेऊन सामानाच्या डब्यात फेकले. हात जायबंदी झाला. गोऱ्या वस्तीत ज्या नजरेने तिला कधी पाहिले नव्हते, आणि म्हणून ती जिवंत राहिली होती, तीच नजर आता तिच्या आड आली.

न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न या गावी तिचे घर होते. तेथे म्हातारे आईबाप, अनाथ मुले, निराधार बायका असा गोतावळा कायम असे. कोणाला परत पाठवणे तिला जमत नसे. सरकारकडे तिने मागणी केली. परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड यांनी पत्र दिले, सेनापतींनी दाखले दिले, १८६८ मध्ये गावातील चार्ल्स वूड यांनी सारे कागद जमवून टिपण तयार केले. काही झाले नाही. हेराच्या नेमणुकीचा कागद नव्हता. आणि हेराच्या नेमणुकीचा कागद असतो तरी कोठे? सेरा ब्रॅडफर्ड यांनी १८६९ मध्ये तिचे चरित्र लिहून विक्रीचे पैसे तिला दिले, त्यातून घराचे कर्ज फिटले. त्याच वर्षी तिने नेल्सन डेव्हिस या माजी शिपायाशी लग्न केले. तो १८८८ मध्ये वारला, आणि १८९५ पासून तिला त्याची विधवा म्हणून महिना आठ डॉलर मिळू लागले.

पुढे खुद्द तिच्या सेवेबद्दल महिना पंचवीस डॉलर द्यावेत असा ठराव काँग्रेसमध्ये आला. तो वरिष्ठ सभागृहाच्या समितीत अडला, आणि १८९९ मध्ये वीस डॉलर मंजूर झाले. आठ विधवा म्हणून आणि बारा इस्पितळातील सेविका म्हणून. टेहळणीचा आणि हेरगिरीचा हिशेब कोठेच धरला नाही. तिने रोग्यांची सेवा केली होती यात शंका नाही. परंतु नदीवरच्या त्या रात्रीचे काय, हा प्रश्न वाचताना मनातून जात नाही.

वृद्धांसाठी आश्रम काढण्याचे तिच्या मनात फार दिवस होते. त्यासाठी घेतलेली जागा तिने १९०३ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल झायन मंडळीला देऊन टाकली. १९०८ मध्ये आश्रम उघडला. मंडळीने प्रवेश फी शंभर डॉलर ठेवली तेव्हा म्हातारीला फार राग आला. जवळ काहीच नसलेल्यांनाच आत घ्यावे असा नियम हवा, असे तिचे म्हणणे होते. १९११ मध्ये ती स्वतः तेथे राहावयास गेली, आणि १० मार्च १९१३ रोजी न्यूमोनियाने तिचा अंत झाला. शेवटी भोवती जमलेल्यांबरोबर तिने गीते म्हटली. फोर्ट हिल दफनभूमीत तिला सैनिकी मान देऊन पुरले.

अलीकडे एडा फील्ड्स-ब्लॅक या इतिहासकार बाईंनी युद्धानंतरच्या शिपायांच्या आणि विधवांच्या पेन्शनच्या कागदांतून, त्या सकाळी नदीकाठी धावत आलेल्या माणसांपैकी पुष्कळांची नावे, नाती आणि मळे शोधून काढले. त्यांचे पुस्तक २०२४ मध्ये निघाले. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला मेरीलंड राज्याने हॅरिएटला मरणोत्तर ब्रिगेडिअर जनरलचा हुद्दा दिला. पेन्शनमधल्या त्या कापलेल्या पाच डॉलरांचा हिशेब त्याआधीच, २००३ मध्ये, काँग्रेसने पुन्हा उघडला होता. १८९९ पासून तिच्या मरणापर्यंतची तूट आजच्या किमतीने मोजली, ती ११,७५० डॉलर भरली, आणि ती रक्कम ऑबर्नच्या तिच्या आश्रमाकडे पाठवण्यात आली.